जुन्या जॅझ मैफिलींची नवी प्रकाशनं: टेपचं मूळ विचारावंच

कयाधू, हिंगोली (धागाकर्ता)

मंडळी, पन्नास-साठ वर्षं कपाटात पडून राहिलेल्या जॅझ मैफिली आता दर दोन-तीन महिन्यांनी बाहेर यायलेत. नावं सगळी मोठी: कोल्ट्रेन, मंक, मिंगस, बिल इव्हान्स. काही ध्वनिमुद्रणांत वादक समोर बसल्यासारखे वाटतात, काहींत ड्रमच्या पलीकडचं धड ऐकू येत नाही. किंमत मात्र दोन्हींची सारखीच. परदेशातून मागवायचं तर टपाल आणि सीमाशुल्क वर. निवड चुकली की महागात पडतं.

तर घ्यायच्या आधी काय तपासावं? पहिल्या चार-पाच कोणत्या घ्याव्यात? ख्याल, नाट्यपदं, भजन ऐकून तयार झालेल्या कानाला यात कुठून शिरता येईल? आणि या गर्दीत आज वाजवणाऱ्यांचे नवे अल्बम मागं पडायलेत का, तेही सांगा.

मांजराकाठ, लातूर

नदीचं मूळ विचारू नये म्हणतात. टेपचं मात्र विचारावंच.

सोबतच्या पुस्तिकेत मुद्रण कोणी केलं, कशासाठी केलं, मायक्रोफोन किती होते आणि हाती आलेली टेप मूळ की प्रत, एवढं शोधा. यातलं ‘कशासाठी’ सगळ्यात महत्त्वाचं. रेडिओसाठी टिपलेल्या मैफिलीत वाद्यांचा समतोल राखायला माणूस बसलेला असतो. २९ नोव्हेंबर १९५७ ला कार्नेगी हॉलमध्ये पियानोवादक थेलोनियस मंकच्या चौकडीत सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन होता, आणि ती मैफल ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या रेडिओनं टिपली. टेप लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये पोचल्या. २००५ च्या सुरुवातीला जुन्या टेपांचं डिजिटल रूपांतर चालू असताना लॅरी ॲपलबॉम यांना त्या सापडल्या आणि त्याच वर्षी ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीनं प्रकाशित केल्या. मुद्रण मोनो आहे, पण पियानोची एकेक पट्टी सुटी ऐकू येते, शॅडो विल्सनच्या झांजेवर पडणारी काडीसुद्धा. पहिली खरेदी हीच करा.

याच्या उलट टोकाला ‘इव्हनिंग्ज ॲट द व्हिलेज गेट’. ऑगस्ट १९६१, कोल्ट्रेन आणि एरिक डॉल्फी. तंत्रज्ञ रिच ऑल्डरसन यांनी क्लबची नवी ध्वनियंत्रणा तपासण्यासाठी एकाच रिबन मायक्रोफोनवर हे टिपलं. प्रकाशित करायचा विचारच नव्हता. टेप पुढे न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत राहिली आणि अल्बम २०२३ मध्ये आला. एका मायक्रोफोनवर सगळी बैठक टिपली की जे वाद्य मोठं तेच पुढे येतं. इथं एल्विन जोन्सचे ड्रम अंगावर येतात आणि मॅकॉय टायनरचा पियानो मागं राहतो. मुद्रण बिघडलेलं नाही, मायक्रोफोनच्या जागेवरून ते तसंच ऐकू येणार होतं. म्हणून पहिली खरेदी म्हणून घेऊ नका, चौथी-पाचवी म्हणून अवश्य घ्या. कोल्ट्रेनच्या ‘आफ्रिका’ या चिजेची स्टुडिओबाहेरची हीच एक नोंद माहितीत आहे.

मधल्या पायरीवर बासवादक चार्ल्स मिंगस, लंडनचा रॉनी स्कॉट्स क्लब, १४ आणि १५ ऑगस्ट १९७२. कोलंबियानं अल्बम काढण्याच्याच हेतूनं आठ ट्रॅकवर (टेपवरच्या आठ वेगळ्या पट्ट्यांवर) टिपलेलं होतं, पण पुढच्या वर्षी करारच राहिला नाही. रेझोनन्स कंपनीनं ते २०२२ मध्ये, मिंगसच्या जन्मशताब्दीला, तीन एलपींवर काढलं. आठ ट्रॅक असले की नव्यानं मिश्रण करता येतं, म्हणून बास, ट्रम्पेट, सॅक्सोफोन आपापल्या जागी बसलेत. ट्रम्पेटवर जॉन फॅडिस आहे, तेव्हा अवघा १९ वर्षांचा.

हौशी माणसाची टेप म्हणजे वाईट, असंही समजू नका. पालो आल्टोच्या शाळेत २७ ऑक्टोबर १९६८ ला मंकची मैफल झाली. भरवणारा डॅनी शेर १६ वर्षांचा विद्यार्थी. शाळेच्या सफाई कर्मचाऱ्यानं ‘पियानो सुरात लावून देतो, मला मैफल टिपू द्या’ एवढ्या बोलीवर ती टिपली. २०२० मध्ये इम्पल्स कंपनीनं काढली. सत्तेचाळीस मिनिटं, आणि पियानो स्वच्छ.

आता वेग. टेप मुद्रणाच्या वेळी किंचित हळू फिरली आणि नंतर बरोबर वेगानं वाजवली, की सगळं वरच्या सुरात जातं. माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ची पहिली बाजू याच कारणानं जवळपास पाव स्वर चढी निघाली आणि १९९२ पर्यंत तशीच विकली गेली. इतक्या गाजलेल्या अल्बमचं असं झालं, तर क्लबातल्या घरगुती टेपचं सांगायलाच नको.

हे घरी तपासता येतं. विकत घेतलेली फ्लॅक फाइल (आवाजाचा दर्जा न घटवणारी) ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. दोन चिजांमधला दहा-पंधरा सेकंदांचा शांत तुकडा निवडा, ‘प्लॉट स्पेक्ट्रम’ घ्या, आकार ६५५३६ ठेवा. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून विजेची गुणगुण ६०, १२०, १८०, २४० वर सुळक्यासारखी दिसते. ६० वर बघू नका, तिथं फरक ओळखू येत नाही. २४० चा सुळका बघा. तो २४४.८ वर असेल तर टेप दोन टक्के जोरात आहे, म्हणजे अर्ध्या स्वराचा एक तृतीयांश सूर चढलाय. युरोपातल्या मैफिलीत ५० च्या पटीत बघायचं. जपानात टोकियोला ५० आणि ओसाकाला ६०, तेव्हा गाव बघून ठरवा. काही प्रकाशनांत गुणगुण आधीच गाळलेली असते. तिथं हा उपाय चालत नाही, मग पियानोच्या सुरावरूनच पडताळावं लागतं.

सिंदफणा, बीड

मांजराकाठदादांचं तंत्राचं सगळं पटलं. मी कानाचं सांगते, कारण कयाधू यांचा तो प्रश्न राहिला.

आवर्तन मोजायची सवय असेल तर जॅझ परकं नाही. यांचा एक ‘बार’ बहुतेक वेळा चार मात्रांचा असतो. ब्लूज बारा बारांचा, म्हणजे ४८ मात्रांचं आवर्तन. गाण्यांवरून घेतलेल्या चिजा बहुधा ३२ बारांच्या, म्हणजे १२८ मात्रा. वादक कितीही लांब गेला तरी हे आवर्तन तुटत नाही. बास मात्रेमात्रेला एक सूर टाकत चालतो, त्याच्यावर बोट ठेवा, ठेका तोच आहे. ड्रमवर ठेका शोधायला गेलात तर हरवाल. तिथं ठेका झांजेवर असतो आणि बाकीचे बोल उलट अंगानं पडतात.

‘इम्प्रेशन्स’ घ्या, व्हिलेज गेटच्या अल्बममध्ये आहे. पहिले १६ बार डी हा षड्ज धरून काफीचे स्वर. पुढचे ८ बार तोच काफी अर्धा स्वर वर सरकवलेला. शेवटचे ८ पुन्हा खाली. एवढंच. सोळा, आठ, आठ मोजत तीन-चार आवर्तनं ऐकली की षड्ज सरकण्याची जागा कानाला आधीच जाणवायला लागते. कोल्ट्रेन त्या जागेवर काय करतो ते मग खरं कळतं. कधी तो अर्धी मात्रा आधीच नव्या षड्जावर जाऊन बसतो, आणि समेच्या आधी तान संपवून थांबलेल्या गवयासारखा धक्का बसतो.

ज्यांना इतक्या द्रुत लयीत उडी घ्यायची नाही त्यांनी जॉन कोल्ट्रेनची पत्नी ॲलिस कोल्ट्रेन हिची ‘द कार्नेगी हॉल कॉन्सर्ट’ आधी घ्यावी. २१ फेब्रुवारी १९७१ ची मैफल, इम्पल्सनं २०२४ मध्ये प्रकाशित केली. स्वामी सच्चिदानंदांच्या इंटिग्रल योग संस्थेच्या मदतीसाठी ती झाली. मंचावर तंबोरा आणि हार्मोनियम आहे, दोन बास आहेत, दोन ड्रम आहेत, फेरो सँडर्स आणि आर्ची शेप आहेत. पहिला अर्धा भाग हार्पचा (उभं, मोठं तंतुवाद्य), शांत. ‘जर्नी इन सच्चिदानंद’ मध्ये बास एकच छोटी ओळ पुन्हा पुन्हा म्हणत राहतो आणि वर हार्प आलापासारखी सुटते. दुसऱ्या भागात ॲलिस पियानोवर जाते आणि ‘आफ्रिका’ला सगळे वादक एकदम उसळतात. बहुट्रॅक टेप हरवल्या आहेत, प्रकाशन दोन ट्रॅकच्या मिश्रणावरून केलंय. त्यामुळं तंबोरा हवा तेवढा पुढे आणता आलेला नाही, हेडफोनवर तो डाव्या-उजव्या अंगाला शोधावा लागतो.

तिचंच ‘कीर्तन: तुरिया सिंग्ज’ हेही ऐका. १९८१ चं मुद्रण. पूर्वी व्हायोलिनं आणि सिंथेसायझर घालून कॅसेटवर निघालं होतं, २०२१ मध्ये मुलगा रवी कोल्ट्रेननं नुसता आवाज आणि वुर्लिट्झर ऑर्गन एवढंच ठेवून काढलं. (रवी हे नाव पंडित रविशंकरांवरून.) पैठण-नर्सीकडच्या कीर्तनाची कल्पना डोक्यात ठेवून बसू नका. टाळ नाही, पखवाज नाही, निरूपण नाही. एक बाई एकटी बसून संथपणे नामस्मरण करते. पहाटेच्या वेळी घरात लावून बघा.

तेरणा, धाराशिव

ताई, काफीची खूण लई कामाची. एवढ्या वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं. कोल्ट्रेनची सिॲटलची ‘अ लव्ह सुप्रीम’ घ्यावी का? तिची चर्चा बरीच झाली होती.

मांजराकाठ, लातूर

आत्ता नको. २ ऑक्टोबर १९६५, पेंटहाउस क्लब. सॅक्सोफोनवादक जो ब्राझील यांनी मंचावरच्या दोन मायक्रोफोनवर टिपलेली मैफल, २०२१ मध्ये प्रकाशित. ड्रम आणि पियानो जवळ, खुद्द कोल्ट्रेन बऱ्याचदा मायक्रोफोनपासून दूर. डिसेंबर १९६४ चा स्टुडिओतला अल्बम ३३ मिनिटांचा, इथं तेच काम सव्वा तासाचं. मूळ अल्बम तोंडपाठ झाल्याशिवाय यात वाट सापडत नाही.

सिंदफणा, बीड

दादा, इथं मी वेगळं म्हणेन. लांबण लावलेली नाही, ती बढत आहे. चार भाग तेच, त्यांच्या मधल्या जागा बास आणि ड्रमनं एकट्यानं भरल्यात. सोबत फेरो सँडर्स आणि कार्लोस वॉर्ड असल्यानं कोल्ट्रेन मुद्दाम मागं उभा राहून त्यांना जागा देतो. स्टुडिओतलं काम बंदिशीसारखं घट्ट आहे. मैफिलीत ती बंदिश कशी खुलते ते ऐकायचं तर हीच. मूळ अल्बम आधी ऐकावा, एवढं मात्र खरं.

दुधना, सेलू

कयाधू यांचा शेवटचा प्रश्न कुणी घेतला नाही, म्हणून लिहितो. जुन्या टेपांचं प्रेम मलाही आहे, पण खरेदीचे सगळे पैसे तिकडंच गेले तर आज वाजवणाऱ्यांनी काय करायचं? दोन जुन्या घेतल्या की एक नवी घ्या, असं मी आग्रहानं सांगेन. नव्यांत ऐकण्यासारखं भरपूर आहे.

सॅक्सोफोनवादक चार्ल्स लॉइड यांनी ८६ व्या वाढदिवशी, १५ मार्च २०२४ ला, ‘द स्काय विल स्टिल बी देअर टुमॉरो’ हा दुहेरी अल्बम काढला. पियानोवर जेसन मोरन, बासवर लॅरी ग्रेनेडियर, ड्रमवर ब्रायन ब्लेड. या वयात फुंक कमी झालेली असते. लॉइड ते लपवत नाहीत, सूर अर्धा हवेत सोडतात आणि बाकीचे तिघं तिथं मुद्दाम काही भरत नाहीत. याच लॉइडचं २००४ मधलं सँटा बार्बराच्या लोबेरो थिएटरमधलं मुद्रण ‘संगम’ नावानं ईसीएम कंपनीनं २००६ मध्ये काढलं, झाकीर हुसेन आणि एरिक हार्लंड यांच्यासोबत. तबला आणि ड्रम एकमेकांच्या पायात न येता कसे चालतात ते त्यात ऐका.

विजय अय्यर, लिंडा मे हान ओ आणि टायशॉन सोरी यांचं ‘कंपॅशन’, २०२४. इथं मात्रा मोजणं कठीण आहे, पण बास सोडू नका. ब्रँडी यंगरचं ‘गॅडअबाउट सीझन’, २०२५: ॲलिस कोल्ट्रेनच्याच दुरुस्त केलेल्या हार्पवर वाजवलेलं. सिंदफणाताईंनी सांगितलेली मैफल ऐकल्यावर लगेच हे लावा, त्याच वाद्याचा आवाज ५० वर्षांनी आणि स्टुडिओतल्या मायक्रोफोनवर कसा लागतो ते कळतं. इमॅन्युएल विल्किन्सचं ‘ब्लूज ब्लड’, २०२४, त्यात गणव्या गाते. ब्रॅनफर्ड मार्सालिसच्या चौकडीनं २०२५ मध्ये कीथ जॅरेटचा १९७४ चा ‘बिलाँगिंग’ अख्खा पुन्हा वाजवला. आधी मूळ, मग हा, असं एका दुपारी होऊन जातं.

आणि जुनं-नवं यांच्या मधलंही काही आहे. जॅरेटनं जुलै २०१६ मध्ये युरोपात एकट्यानं पियानो वाजवला. ३ तारखेचं बुडापेस्ट, ६ चं बोर्दो, ९ चं व्हिएन्ना, १६ चं म्युनिक, अशा चार मैफिली एकेक करून प्रकाशित झाल्यात. व्हिएन्नाची मे २०२५ मध्ये आली. २०१८ मध्ये त्याला पक्षाघाताचे झटके आले आणि मैफिली थांबल्या, म्हणजे त्या दौऱ्यापलीकडं फार थोडं उरलंय. चारही क्रमानं ऐकल्या तर दिसतं: सुरुवातीला प्रत्येक रात्री तो कानाला न रुचणारं, तुटक काहीतरी उभं करतो आणि मग त्यातून हळूहळू गाण्यासारखं सोपं काढतो. एकच मैफल ऐकून ही रीत लक्षात येत नाही.

पैशांचं: बँडकॅम्प या संगीतविक्रीच्या संकेतस्थळावर ठरावीक शुक्रवारी कंपनी आपला वाटा सोडते आणि जास्त रक्कम वादकांकडं जाते. तारखा आधी जाहीर होतात. बँकेच्या कार्डावर परदेशी व्यवहार बंद असतो, तो ॲपमधून आधी चालू करून ठेवा, नाहीतर ऐन वेळी व्यवहार नाकारला जातो. एमपी३ नको, फ्लॅकच उतरवा.

खामकाठ, छत्रपती संभाजीनगर

एलपी घेणाऱ्यांसाठी. आपल्याकडची हवा, पाणी आणि वीज, तिन्ही एलपीच्या विरोधात आहेत, तेव्हा तयारी लागते.

पार्सल मार्च ते जून या काळात येऊ देऊ नका. पत्र्याच्या गोदामात आणि बंद गाडीत दुपारी जे तापमान होतं त्यात व्हिनाइल मऊ पडतं आणि आडव्या रचलेल्या पार्सलांच्या ओझ्यानं तबकडी वाकते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत हाती पडेल अशी मागणी नोंदवा. ‘रेकॉर्ड स्टोअर डे’ या रेकॉर्ड दुकानांच्या वार्षिक दिवसाची मर्यादित प्रत बहुधा एप्रिलमध्ये निघते, तिथं विक्रेत्याला थांबवून ठेवायला सांगा किंवा सीडी घ्या, ती बहुधा पाठोपाठ येतेच. तबकडी वेष्टनाच्या बाहेर, वेगळ्या पाकिटात ठेवून पाठवा असं लिहून कळवा. नाहीतर धक्क्यांनी वेष्टनाची शिवण आतून फाटते. वाकलेली तबकडी दोन काचांत घालून उन्हात ठेवायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. वाक निघतो आणि खाचा बसतात.

धुण्याला बोअरचं पाणी चालत नाही. क्षार खाचेत वाळतात आणि पांढरी किटकिट कायमची बसते. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी घ्या. एक लिटरला भांड्याच्या पातळ साबणाचे दोन-तीन थेंब पुरे, खाचेच्या दिशेनं मऊ ब्रश फिरवा, आणि शेवटी नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं पुन्हा धुवा. दुसरी धुवणी चुकवली तर साबण सुईवर जमतो. घरात ७८ च्या जुन्या लाखेच्या तबकड्या असतील तर त्यांना अल्कोहोल असलेलं कुठलंही द्रावण लावू नका, लाख विरघळते.

विजेचं जास्त. अमेरिकेतून आलेला पट्ट्याचा टर्नटेबल, त्याची मोटर विजेच्या हर्ट्झवर चालणारी असेल तर आपल्या ५० हर्ट्झवर ३३⅓ ऐवजी २७.८ फेरे घेतो. व्होल्टेज बदलणारा ट्रान्सफॉर्मर लावून हे सुटत नाही, पुली बदलावी लागते. वेग तपासायची पट्ट्यांची चकती घेताना ५० हर्ट्झची, १८० पट्ट्यांची घ्या. अमेरिकी चकतीवर २१६ असतात, त्या आपल्या दिव्याखाली नेहमीच सरकताना दिसणार. एलईडी दिवा यासाठी भरवशाचा नाही, जुना तारेचा बल्ब लावा. आणि भारनियमनात इन्व्हर्टरवर ऐकायचं असेल तर साइन वेव्हचा इन्व्हर्टर हवा. स्क्वेअर वेव्हवर फोनो ॲम्प्लिफायरमधून घरघर येते आणि बासचा सूर त्यातच बुडतो.

आणखी एक. लांब चिजांच्या मैफिलीत बाजू २५ मिनिटांच्या पुढं जाते. तेवढं मावायला खाचा जवळ आणि हळू आवाजात कोराव्या लागतात, मग धुळीचा आवाज वर येतो. मॅकॉय टायनर आणि जो हेंडरसन यांची ‘फोर्सेस ऑफ नेचर’ (स्लग्ज क्लब, १९६६. ड्रमवादक जॅक डिजॉनेट यांनी टेप जपली, २०२४ मध्ये निघाली) घ्याच, सध्याच्या प्रकाशनांत इतकी पेटलेली मैफल दुसरी नाही. पण त्यातल्या दोन चिजा २५ मिनिटांहून मोठ्या आहेत, म्हणून ही मी फाइलवर ऐकायला सांगेन.

तेरणा, धाराशिव

मांजराकाठदादा, थोडं विषयाला सोडून, पण मूळ तेच. अंबाजोगाईकडच्या एका मंडळाच्या कपाटात जुन्या मैफिलींच्या स्पूल टेपा निघाल्यात. सात इंची, अकरा आहेत. काहींवर फक्त पेन्सिलनं ‘पूरिया’, ‘भजन’ एवढंच. टेपरेकॉर्डर आहे पण बंद पडलेला. काय करावं?

मांजराकाठ, लातूर

विषयाला सोडून अजिबात नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जे झालं ते आपल्या कपाटात होऊ शकतं. मात्र घाई केली तर एका दिवसात अकराच्या अकरा जातील.

आधी वाजवू नका आणि जोरात गुंडाळूही नका. खोका उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर टेप ॲसिटेटची आहे आणि कुजायला लागलीय, ती इतरांपासून वेगळी ठेवा. स्पूल उजेडासमोर धरा: आरपार उजेड दिसला तर ॲसिटेट, अंधार दिसला तर पॉलिएस्टर. ॲसिटेट ताणलं की तुटतं, पण सरळ तुटतं आणि जोडता येतं. पॉलिएस्टर तुटत नाही, लांबतं, आणि लांबलेलं परत येत नाही.

पॉलिएस्टरवर दुसरं दुखणं. सत्तरच्या दशकातल्या काही टेपांचा चिकटवणारा थर हवेतला ओलावा शोषून चिकट होतो. वाजवताना किंचाळल्यासारखा आवाज येतो आणि हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) तपकिरी लगदा जमतो. तसं दिसलं की तिथंच थांबा. परदेशी संग्रहांत अशा टेपा सुमारे ५४ अंशांवर आठ तास नियंत्रित भट्टीत ठेवून वाळवतात आणि मग वाजवतात. हे स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये किंवा मे महिन्यातल्या गच्चीवर करायचं काम नाही, दहा अंश जास्त झाले की टेप गेली. ॲसिटेटला तर ही भट्टी कधीच नाही. चिकट टेपा जाणकाराकडं पाठवा.

यंत्र दुरुस्त करून घेताना मेकॅनिकला रबराचा पट्टा, दाबरोळी आणि ब्रेक एवढं बदलायला सांगा. मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं हेड आणि टेप घासते ते सगळे धातूचे भाग पुसा. रबराला ते लावू नका. बाजारातली कोरी किंवा निरुपयोगी टेप दोन तास चालवून बघा, त्यानंतरच मंडळाची.

टेप उन्हातून आणलीत तर चोवीस तास खोलीत राहू द्या. सात इंची साध्या स्पूलवर सुमारे ३६६ मीटर टेप असते. सेकंदाला १९ सेंटिमीटर वेगानं बत्तीस मिनिटं, साडेनऊनं चौसष्ट. दुपटीचा फरक लगेच कळतो, दोन-तीन टक्क्यांचा कळत नाही.

हेडच्या शेजारचा छोटा स्क्रू हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. मुद्रण करणाऱ्या यंत्राचं हेड ज्या कोनात होतं त्याच कोनात आपलं आलं नाही तर तंबोऱ्याची जवारी आणि तबल्याच्या चाटीची धार मरते, सगळं घोंगडीखालून ऐकू येतं. आवाज मोनो करून, टेप चालू असताना, स्क्रू पाव-पाव फेरा फिरवा. जवारी सगळ्यात उजळ होते ती जागा. प्रत्येक स्पूलला हे नव्यानं करायचं, कारण अकरा टेपा एकाच यंत्रावर टिपलेल्या असतीलच असं नाही.

संगणकात घेताना ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट. तासाला साधारण दोन गिगाबाइट लागतात. सर्वात मोठा आवाज उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, गायकाची वरच्या षड्जाची हाक अचानक येते. खरखर काढायचं सॉफ्टवेअर मूळ फाइलवर चालवू नका. प्रत करून तिच्यावर काय ते करा. खरखरीसोबत जवारीही जाते, आणि ती परत आणता येत नाही.

टेपा पत्र्याखालच्या वरच्या खोलीत ठेवू नका. खालच्या मजल्यावरची आतली खोली, उभ्या ठेवलेल्या, स्पीकर आणि स्टॅबिलायझरपासून लांब. आणि प्रकाशित करायचा विचार असेल तर आधी कलाकारांच्या घरी जाऊन परवानगी घ्या. कायद्यानं कलाकाराचा हक्क कार्यक्रमाच्या पुढच्या वर्षापासून ५० वर्षं आहे, पण मुदत संपली असली तरी घरच्यांना विचारल्याशिवाय काढू नये. जॅझमधल्या चांगल्या प्रकाशनांत घरच्यांची परवानगी आणि मानधन दोन्ही असतं, बेकायदा प्रतींत दोन्ही नसतं.

कयाधू, हिंगोली

वाचनखूण साठवली. एक शंका: तेरणा यांच्या स्पूलवरही विजेच्या गुणगुणीवरून वेग तपासता येईल ना? आपली वीज ५० हर्ट्झची.

मांजराकाठ, लातूर

नाही, इथंच फसगत होते. अमेरिकेतला ६० हर्ट्झ त्या काळीही ठाम होता. आपल्याकडं भार वाढला की हर्ट्झ खाली यायचे, ५० च्या बरेच खाली. समजा मैफिलीच्या रात्री ४८.६ होते. मुद्रणयंत्राची मोटर विजेच्या हर्ट्झवर चालणारी असेल तर टेपही तेवढीच हळू फिरली. आज ती बरोबर वेगानं वाजवली की गुणगुण नेमकी ५० वर दिसते, सगळं बरोबर वाटतं आणि गायक मात्र जवळपास पाव स्वर चढा लागतो. शिवाय आपल्या यंत्राची स्वतःची गुणगुणही ५० वरच येऊन बसते.

तिथं पेटी धरायची. साथीला हार्मोनियम असेल तर तिचे सूर हवामानानं फारसे हलत नाहीत. गायक काळी एक की पांढरी दोन, ते मंडळातल्या जुन्या श्रोत्यांना विचारा, त्यांना आठवतं. पेटीचा षड्ज ज्या पट्टीच्या सगळ्यात जवळ येतो ती पट्टी आणि श्रोत्यांनी सांगितलेली पट्टी जुळली तर तेवढीच दुरुस्ती प्रतीवर करा. पेटी नसेल तर वेग बदलू नका, फाइलच्या नावात ‘वेग तपासलेला नाही’ एवढं लिहून ठेवा. स्पूलच्या खोक्यावरचं पेन्सिलचं अक्षर पुसायच्या आधी त्याचा फोटो घ्या, दोन्ही बाजूंचा, आणि त्याच फोल्डरमध्ये ठेवा.

तेरणा, धाराशिव

घेतो. एका खोक्याच्या आतल्या बाजूला तबलजीचं नाव निघालंय, कालपर्यंत दिसलं नव्हतं. त्यांच्या घरचा पत्ता मंडळात आहे. आधी तिकडंच जातो.